सुकतीचा नारळ

“नारळ दोन घ्या,” आई म्हणाली. “एक देवाला, आणि एक...”

सावंतवाडीच्या बाजारात आप्पा एकेक नारळ कानाशी धरून हलवत होते, आतलं पाणी ऐकत होते.

“लग्नाक चल्लात काय?” नारळवालीनं विचारलं.

“न्हाई हो. बेटं बघायला, गुहा बघायला. पोरगीनं अजून समुद्र बघितला न्हाई.”

जीपच्या मागच्या बाकावर, माझ्या शेजारी, काकूनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. आप्पांनी दोन्ही नारळ माझ्या मांडीवर ठेवले. सारखेच होते. तपकिरी, केसाळ, शेंडी राखलेले. मी एकाला दुसऱ्यावर आपटून बघितलं, तशी आईनं पुढच्या सीटवरून वळून माझ्या हातावर चापट मारली.

“खेळणं हाय का ते?”

मी अकरा वर्षांची होते. आमची आजऱ्याला भाताची गिरणी होती आणि ही जीप त्या गिरणीची. पोत्यांची ने-आण करणारी. सीटच्या फटीफटीत कोंडा भरलेला. आंबोलीचा घाट उतरताना ती दोनदा तापून बंद पडली, तेव्हा आप्पा बॉनेट उघडून म्हणाले होते, “हिला पोत्यांची सवय. बोलणारी माणसं बसली की रुसते.” आई हसली. काकूही हसली, पण उशिरा, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

काकू म्हणजे शालनकाकू, आप्पांच्या धाकट्या भावाची बायको. आई शाळेत शिक्षिका. पहाटेच्या एसटीनं जायची ती दिवेलागणीला परतायची. माझी वेणी, माझा डबा, माझा ताप, सगळं काकूच्या हातचं. तिला मूल नव्हतं. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी तिच्या मंगळसूत्राचे काळे मणी मोजायची. वाट्यांच्या उजव्या अंगाला चौतीस, डाव्या अंगाला चौतीस. अर्ध्यातच झोप यायची. वरून तिचा हलका आवाज यायचा:

*वैजू माझी गं मैना, मांडीवरी झोप घेई*
*काळं मणी मोजिताना, पोटी न्हाई तरी आई*

बळवंतकाका वेंगुर्ल्याच्या खालच्या अंगाला एका लहानशा बंदरात मच्छीमारी लाँचवर इंजिनाचं काम करायचा. घाटावरचा माणूस, पोहता धड येत नव्हतं, पण इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायचा. मी चार वर्षांची असताना जूनच्या तोंडाला त्याची लाँच गेली ती परत आली नाही. सात माणसं होती तिच्यावर. काही फळ्या किनाऱ्याला लागल्या, दोन माणसं लागली. काका लागला नाही.

“ज्यांची माणसं लागली न्हाईत त्या बाकीच्या चौघींनी त्याच वर्षी नारळ सोडलं,” घाटातल्या चहाच्या टपरीमागं आप्पा आईला हळू सांगत होते. मी बाटलीत पाणी भरून घ्यायला गेले होते, ते मला दिसले नाहीत, मी त्यांना दिसले नाही. “आपलीच तेवढी राहिली. सात वर्षं झाली. आता ती म्हणालीय, समुद्रानं सांगितलं तर ऐकीन.”

“सांगेल ना?”

“होडीवाला तांडेल म्हणतोय सांगेल.”

“मग कंपाउंडरना काय कळवायचं?”

“परत गेल्यावर. जून लागायच्या आत उरकून टाकू. साधंच, देवळात.”

उत्तूरचे कंपाउंडर मला माहीत होते. दोन-तीनदा घरी आले होते. उंच, वाकून चालणारे, येताना माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या आणणारे. त्यांची बायको वारली होती आणि त्यांना एक मुलगी होती, सहा वर्षांची. ते आले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, पण चहात आलं घालायची, आणि आमच्या घरी एरवी आलं फक्त पावसाळ्यात पडायचं.

आठ दिवसांपूर्वी काकूच्या शिवणाच्या डब्याखाली मला एक परकर सापडला होता. पिवळ्या चिटाचा, काठाला लाल फीत. माझ्यासाठी गुपचूप शिवतेय म्हणून मी हरखले आणि दार लावून घालून बघितला. तो माझ्या गुडघ्यांच्या वर राहिला. कमरेला बंदही पुरेनात. मी तो होता तसा घडी करून ठेवला. टपरीमागं उभी असताना मला तो परकर कुणाचा ते कळलं. बाटली भरून वाहत होती, माझी चप्पल भिजली.

बंदरावर भिकाजी तांडेल होडी काढून उभा होता. काकाचा ओळखीचा. डोळे उन्हानं बारीक झालेले, गळ्यात काळा दोरा. त्यानं काकूकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. मग मला उचलून होडीत ठेवलं.

“भिया नको गो. पाण्यात हात घाल बघू. तुमच्या घाटार गावता काय असां पाणी?”

मी हात घातला. मे महिना, वर ऊन करपत होतं, आणि ते पाणी कोमट, चिकट. किनाऱ्यापासून तासभर गेल्यावर तीन बेटं दिसली. पहिलं नुसता खडक, पाखरांच्या विष्ठेनं पांढरा झालेला. आप्पांनी मला ते दाखवलं, पाखरं दाखवली, खडकावर आपटून फुटणारी लाट दाखवली. सहल आहे ना, म्हणून दाखवत होते. “बघ वैजू, केवढी पाखरं!” त्यांचा आवाज नको तेवढा मोठा होता. दुसऱ्या बेटाला एक कपार होती, तिच्यात त्यांनी हाक घातली, “ओऽऽ!” कपारीतून काहीच आलं नाही. आप्पा ओशाळून हसले.

तिसरं बेट मोठं. त्याच्या पोटातून आरपार गुहा गेलेली, तिला तिथली माणसं सोडवण म्हणायची.

“बाय, तुका रीत ठावक आसा मा?” तांडेलानं वल्हं थांबवून काकूला विचारलं.

काकूनं मान हलवली. नाही.

“गुहेक दोन तोंडां. अल्याड वाळू, पल्याड दर्या. नारळ हय वाळयेकडसून सोडूचो. मग पाठ करून बसूचा, डोळे मिटूचे, मी हाक मारीसर उघडूचे नाय. नारळ पल्याडच्या तोंडान दर्यात गेलो, तर माणूस दर्याचो. तू मोकळी. आणि वाळयेर परत इलो, तर माणूस खंयतरी आसा. वाट बघूची.”

“आणि मधेच अडकला तर?” आईनं विचारलं.

“अडकत नाय,” तांडेल म्हणाला. त्यानं पाण्याकडं बघितलं. “सुकती लागली, पाणी ओसराक लागला. चला.”

घरच्या पुरुषांनी आणि पोरांनी ते बघायचं नसतं. आप्पा आणि मी उतरून एका खडकामागं गेलो. आप्पा गुहेकडं पाठ करून बसले, टॉवेल डोक्यावरून तोंडावर ओढून. माझ्याजवळ दशम्यांची पिशवी. तिच्यात वरच दुसरा नारळ, देवाचा. जाता जाता काकूनं माझ्या गालाला हात लावला. हात गार होता.

खडकापलीकडून तांडेलाचं गाऱ्हाणं ऐकू आलं:

“बा दर्या म्हाराजा! ही तुजी लेक तुज्या दारात इली हा! जां तुजां हा, तां तुज्याकडे ऱ्हवांदी! जां आमचां हा, तां आमका परत दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा,” आप्पा टॉवेलातून म्हणाले. त्यांचे खांदे हलत होते. त्यांचाही भाऊ होता तो, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

मग सगळं शांत झालं. तांडेलाची पावलं होडीकडं गेल्याचं ऐकू आलं.

“आप्पा, मला लघवीला लागलीय.”

“त्या तिकडं जा. लांब जाऊ नको.” त्यांनी टॉवेल काढला नाही.

मी नारळ फ्रॉकच्या ओच्यात घेतला आणि खडकाला वळसा घालून गेले. आई आणि काकू वाळूवर शेजारी शेजारी बसल्या होत्या, गुहेकडं पाठ करून. आईनं काकूचा हात धरला होता. दोघींचे डोळे मिटलेले. काकूचे ओठ हलत होते. मी अनवाणी त्यांच्या मागून गेले. वाळू ओली होती, पावलांचा आवाज झाला नाही.

गुहेत शिरले आणि ऊन संपलं. गुडघ्याएवढं पाणी पायांना ओढत पुढं चाललं होतं. वर अंधारात पाकोळ्या होत्या, शेकड्यांनी. दातावर दात वाजावेत तसा त्यांचा आवाज. लांब समोर दुसरं तोंड, उजेडाचं, जणू कुणी दार उघडं टाकून गेलंय. आणि त्या उजेडात तो नारळ दिसला. हळू चालला होता. एकदा भिंतीला लागला, थांबला. मग खालून पाणी आलं, त्याला उचललं आणि बाहेर घेऊन गेलं. तो उजेडात काळा ठिपका झाला, आणि नाहीसा झाला.

मी पाहिलं. माझ्याशिवाय कुणीच पाहिलं नाही.

ओच्यातला नारळ मी पाण्यात बुडवला. तीनदा बुडवला. मग मागं येऊन वाळूवर, ओल्या रेघेच्या वर, लोळवून ठेवला. हळदकुंकू लावतात हे मला माहीत होतं, पण ते पाण्यानं गेलं म्हणतील. एवढा विचार मी केला होता. अकरा वर्षांची पोर काय काय विचार करते.

“काकू!” मी ओरडले. “काकू, नारळ आला! परत आला!”

दोघी एकदम वळल्या. आई उठून उभी राहिली आणि तोंडावर हात घेऊन तिथंच थांबली. काकू गुडघ्यांवर चालत आली. खरंच, उठली नाही ती. वाळूतून तशीच आली. नारळ हातात घेतला. त्याच्यावरची वाळू पुसली. शेंडीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ नारळाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. भिजलेला फ्रॉक, गुडघे.

“तू इथं कशी गं?” आई माझ्यावर खेकसली.

“लाटेनं आणला,” मी म्हणाले. “आत्ताच. मी बघितला.” माझे दात वाजत होते.

तांडेल खडकावरून धावत आला, मागोमाग आप्पा. “काय जालां?”

काकूनं नारळ पदराखाली घेतला, पोटाशी धरला.

“परत आला,” ती म्हणाली.

“बघूया?” तांडेलानं हात पुढं केला.

“नको.” काकूनं पदर घट्ट केला. “माझा हाय तो.”

परतीच्या वाटेवर होडीत काकूनं मला जवळ घेतलं, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. एका बाजूला तिचा गार हात, दुसऱ्या बाजूला पदराखालचा तो नारळ माझ्या कानाला लागत होता. आत पाणी हलत होतं.

बंदरावर उतरल्यावर आई काकूला घेऊन जीपकडं गेली. मी चप्पल शोधत मागं राहिले. तांडेल आप्पांच्या जवळ आला.

“भाऊ, एक सांगतंय. चाळीस वर्सां मी माणसां घेवन येतंय हय. आमी सुकतीच्याच येळार घेवन येतंव. सुकतीचो नारळ भायरच जाता. तो परत येऊक शकणा नाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे बायकांक मोकळां करूक ही रीत केलली. जुन्या लोकांनी. दर्याक काय विचारूचा? दर्यो काय सांगता?” त्यानं नकळत माझ्याकडं बघितलं, मग पाण्याकडं. “आज कसो इलो, देवाक ठावक.”

मी चप्पल हातात घेऊन उभी राहिले.

वाटेत देवळापाशी आप्पांनी जीप थांबवली आणि पिशवी उचकटली. “दुसरा नारळ कुठाय?”

“होडीतच राहिला वाटतं,” आई म्हणाली.

“जाऊ दे,” आप्पा म्हणाले. “देवानं आपला मागून घेतला.” त्यांनी जीप सुरू केली. घाट चढेपर्यंत त्यांनी एकही विनोद केला नाही.

कंपाउंडर पुढच्या रविवारी आले. काकू पहिल्यांदाच बाहेर आली, पदर घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. “ते हाईत,” एवढंच म्हणाली. “मला समुद्रानं सांगितलंय.” कंपाउंडरनी चहा संपवला, माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली आणि वाकून दाराबाहेर पडले. दिवाळीनंतर त्यांनी नेसरीकडची मुलगी केली, असं कळलं. पिवळा परकर मला परत कधी दिसला नाही.

काकू रोज सकाळी कुंकू लावत राहिली. संक्रांतीला वाण घ्यायला जायची, तेव्हा बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि मागं तिला ‘समुद्राची सवाष्ण’ म्हणायच्या. तो नारळ स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर राहिला. एका वर्षानं त्याच्यातलं पाणी आटलं. मग आत खोबरं सुटलं आणि फळी हलली की तो खुळखुळायचा.

मी सोळाव्या वर्षी कोल्हापूरला शिकायला गेले. नंतर पुण्याला, नंतर आणखी लांब. वर्षातून दोनदा यायची, मग एकदा. आप्पा गेले, गिरणी विकली. आई आणि काकू, दोघी म्हाताऱ्या त्या घरात. काकू फोनवर कधी ‘ये’ म्हणाली नाही. नुसतं विचारायची, “जेवलीस का?”

गेल्या वैशाखात आईचा फोन आला, काकूनं जेवण सोडलंय. मी गेले. दुपारची वेळ होती, आई आत पडली होती. काकू खाटेवर, उशीला टेकून. एवढीशी झाली होती. मी मोसंबी सोलून तिला एकेक फोड देत होते. ती चोखून साल माझ्या हातावर ठेवत होती, लहान मुलासारखी.

“काकू,” मी म्हणाले. अठ्ठावीस वर्षं तोंडात धरलेलं ते. “तो नारळ...”

“काढ खाली,” ती म्हणाली.

मी स्टुलावर चढून काढला. हलका झाला होता, पाखरासारखा. आत खुळखुळ झाली.

“शेंडी उकल.”

मी शेंडी उकलली. वाळलेली, तपकिरी. धूळ पडली.

“काय हाय तिच्यात?”

“काही नाही.”

“काही न्हाई,” ती म्हणाली. “मी मणी बांधला होता तिथं. माझ्या गळ्यातला. तुम्ही खडकामागं गेल्यावर तांडेलानं सांगितलं तसा. सात गाठी मारल्या होत्या. हळदकुंकू पाणी नेतं. गाठ नेत न्हाई.”

तिनं गळ्यातून मंगळसूत्र वर काढून माझ्यापुढं धरलं. मी मोजलं नाही. डाव्या अंगाला एक जागा रिकामी होती, दोरा दिसत होता.

“तुला तिथंच कळलं?”

“हातात घेतल्या घेतल्या.”

“मग बोलली का नाहीस? तेव्हाच एक थोबाडीत का नाही मारलीस मला?”

काकूनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

“तुझं दात वाजत होतं, वैजू. मे महिन्यात,” ती म्हणाली. “सात वर्षं मी त्या समुद्राला म्हणत होते, परत दे, परत दे. त्यानं कधी ऐकलं न्हाई. आणि इथं एक पोर भिजून उभी, मला मागायला. मला तोवर कुणी असं मागितलं न्हवतं गं.”

“आणि कंपाउंडर?”

“चांगला माणूस होता.” तिनं मंगळसूत्र परत पदराआत सारलं. “त्याची पोरगी रेशमा. तिला एक परकर शिवला होता मी. पिवळा.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मोसंबीची फोड माझ्या हातात तशीच राहिली होती. बाहेर कुणीतरी भात वाळत घातलं होतं, त्याचा वास खिडकीतून येत होता.

“किती दिवस हाईस?” तिनं विचारलं.

माझ्या पर्समध्ये दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीचं तिकीट होतं.

“आहे आता,” मी म्हणाले. “राहणार आहे मी, काकू.”

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं, त्या दिवशी वाळूवर नारळाकडं पाहिलं होतं तसं. मग नारळ माझ्या हातून घेतला, पदराखाली घेतला आणि पोटाशी धरला.